टोन काढा म्हणे!



बरेच दिवस इकडे फिरकले नाही. मोतीबिंदूचं निमित्त होतं (दोन्ही डोळे झाले, आता छान दिसतं). पण खरं सांगायचं तर लिहिण्याजोगं काही डोक्यात नव्हतं. आता आहे. रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा एखादा शब्द कमीजास्त झाला तर आधीच माफी मागून ठेवते.

तर, पंधरा दिवसांपासून मला माझ्याच घरात बोलायची बंदी आहे.

बंदी नातीनं घातलीय. इथे लातूरलाच कॉलेजात शिकते, युवक महोत्सवात दोन एकांकिका केल्यात, आणि आता एका मालिकेसाठी ऑडिशन द्यायची म्हणते. आमच्या घरात कुणाची ना नाही. तयारी म्हणून तिनं शहरातल्या एका हॉलमध्ये सात दिवसांची 'ऑडिशन कार्यशाळा' केली. फी आठ हजार. सहाव्या दिवशी घरी आली ती तोंड पाडूनच. म्हणाली, "आज्जी, सरांनी सांगितलंय, आधी टोन काढा. मराठवाड्याचा टोन कानावर पडत राहिला की जिभेवर येतो. तवा... तेव्हा एकवीस दिवस तू माझ्याशी शुद्ध बोल, नाहीतर बोलूच नको."

मी म्हटलं, "काय खूळ घेऊन बसायलीस माय हे?"

"हेच! हेच 'बसायलीस' नको!"

आता गंमत बघा. मी बी.ए. मराठी. तीस वर्षं कंधार, लोहा, अहमदपूर ह्या भागात पोरांना मराठी शिकवलं. वर्गात अगदी छापील बोलायचे. घरी मात्र माझ्या आईची भाषा. त्या आईच्या भाषेवर आता नातीनं लाल रेघ मारली. मला राग आला, पण तिचा नाही. ती काय, एकोणीस वर्षांची पोर. राग त्या आठ हजारवाल्यांचा. आणि थोडा माझा स्वतःचा, पण तो भाग पुढे येईल.

कार्यशाळेचा शेवटचा दिवस पालकांसाठी खुला होता, म्हणून मीही गेले. चाळीसेक पोरंपोरी. निलंगा, उदगीर, देगलूर, मुखेड, कुठून कुठून आलेली. प्रत्येकाला एकच उतारा दिलेला. मुंबईतल्या एका कॉफीच्या दुकानात एक मुलगी आपल्या मित्राला सोडून जायचं सांगते, असा. चाळीस जणांनी तो म्हटला. चाळीसही जणांनी 'विश्वास' ह्या शब्दावर डोळे मिटले, चाळीसही जणांनी 'कधीच नाही' म्हणताना मान उजवीकडे फिरवली. एका पोरालासुद्धा आपलं रडणं नीट येत नव्हतं, कारण ते त्याचं नव्हतंच. नंतर सरांचं भाषण झालं. "लातूर पॅटर्ननं डॉक्टर घडवले, आपण कलाकार घडवू!" टाळ्या.

लातूर पॅटर्नची मला चेष्टा करायची नाही. माझा मुलगा त्याच पॅटर्नमध्ये शिकला, राजर्षी शाहू कॉलेजचं नाव त्या काळी महाराष्ट्रभर झालं ते काही उगाच नाही. सराव, चाचणी, पुन्हा सराव. पण तो पॅटर्न चालतो कारण तिथे प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं. ज्याला जास्त उत्तरं येतात तो पुढे. ऑडिशनमध्ये ठरलेलं उत्तर कुठंय? तिथे समोर बसलेल्या माणसाला एका विशिष्ट भूमिकेसाठी एक माणूस हवा असतो. नायकाची आई गोरी ठरली म्हणून बहीण सावळी चालत नाही. नायक बुटका निघाला म्हणून उंच पोरगी घरी जाते, ती कितीही चांगली असली तरी. नीटमध्ये असं होत नाही. तेव्हा 'शंभर टक्के निवड' असा बोर्ड लावणारा माणूस एकतर खोटं बोलतोय किंवा त्याला धंदाच माहीत नाही.

आणि तिथे खरंच काय बघतात? मला जे समजलं ते सांगते, कारण घरोघरी पोरं हेच विचारतात. आधी कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा सांगायच्या. मग उजवीकडून, डावीकडून चेहरा दाखवायचा. मग दिलेला प्रसंग. तो झाला की बऱ्याचदा म्हणतात, "आता हेच वेगळ्या पद्धतीनं करा, ती रागात नाही, तिला हसू येतंय असं समजा." पोरं इथेच अडकतात. चाळीस वेळा घोकलेलं 'विश्वास' आणि डोळे मिटणं एका मिनिटात बदलता येत नाही. त्यांना बघायचं असतं की ह्या माणसाला सांगितलेलं ऐकू येतं का, ऐकून काही नवं करता येतं का. पाठांतर कुणीही करतं. ऐकणं अवघड. (वर्गातही हेच होतं म्हणा.)

असो. मूळ मुद्दा टोनचा.

मराठवाड्याचा टोन काढून टाकला की काम मिळतं, हे ह्या मंडळींनी कुठून आणलं? माझ्या डोळ्यांसमोरची उदाहरणं तर उलटीच आहेत.

लक्ष्मण देशपांडे. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकटा माणूस ५२ पात्रं उभी करायचा. एक पंचा इकडून तिकडे टाकला की बाप्याची बाई व्हायची. २००९ साली गेले. त्यांच्यामागे तो प्रयोग संदीप पाठकांनी उचलला, तेही माजलगावचे. त्या नाटकातून मराठवाड्याची बोली काढा बघू. काय उरतं? लंडन उरतं!

मकरंद अनासपुरे बीडचे. 'कायद्याचं बोला' (२००५) मधला त्यांचा वकील आठवा, केशव कुंथलगिरीकर. कुंथलगिरी म्हणजे आपली पेढ्याची कुंथलगिरी. कोर्टात हा माणूस आपल्या गावच्या तोंडानं बोलतो आणि पुण्यामुंबईचं थिएटर ऐकतं.

आणि 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. २०१२ मध्ये आलेलं. लिहिलं राजकुमार तांगडे ह्यांनी, जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचा शेतकरी माणूस. दिग्दर्शन नंदू माधव ह्यांचं. त्यातली बरीचशी मंडळी जालन्याकडची, खेड्यातली, शेतातून आलेली. त्यांना कुणी टोन काढायला सांगितला असता तर ते नाटक झालंच नसतं. त्यातलेच कैलाश वाघमारे पुढे २०२० च्या 'तान्हाजी'मध्ये दिसले, म्हणजे हिंदीत.

मराठवाड्याबाहेर बघायचं तर सोलापूर जिल्हा आपल्या शेजारीच. नागराज मंजुळे ह्यांनी 'फँड्री'साठी सोमनाथ अवघडे हा पोरगा निवडला तो हलगी वाजवणारा, अभिनयाचा अ माहीत नसलेला. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ च्या 'सैराट'मधली रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी पोर. तिनं कुठली कार्यशाळा केली होती? तिचं बोलणं, बुलेटवर बसणं, पोरांकडे रोखून बघणं, सगळं अकलूजचं. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला, आणि सिनेमाचा कन्नड अवतार निघाला त्यातही तिलाच घेतलं. 'कोर्ट'मधला शाहीर आठवतो? ते वीरा साथीदार, नागपूरचे कार्यकर्ते. सबंध आयुष्य चळवळीत गेलं, तेच पडद्यावर दिसलं. २०२१ च्या कोरोनात गेले ते.

हे सगळं मी इथल्या जेवणाच्या टेबलावर सांगितलं (नातीशी पुस्तकी भाषेत, बंदी असल्यामुळे!). तर माझा पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, ही सगळी अपवादाची उदाहरणं. रोजच्या मालिकेत नायिकेला प्रमाण मराठीच लागतं. अर्चीचा रोल दहा वर्षांत एकदा येतो."

त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. शंभर भूमिकांतल्या बऱ्याच भूमिका पुस्तकी मराठीच्याच असतात, आणि ज्या पोरीला 'पाणी' म्हणता येत नाही, 'पानी'च येतं, तिची तेवढी दारं बंद होतात. 'ण' शिकावाच. 'श' आणि 'स' वेगळे करावेत. हिंदीही नीट यावी. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं तर हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान लागतंच. ह्यात वाद नाही. पण शिकणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं. नवी साडी घेतली म्हणून कुणी आईची इरकल चुलीत घालत नाही. ज्याला दोन बोली येतात त्याच्याकडे दोन माणसं उभी करायची सोय आहे. हे सर लोक पोरांकडून आठ हजार घेतात आणि त्यांच्याकडचं एक माणूस काढून घेतात.

शिवाय भाच्याच्या बोलण्यात एक गोष्ट तशीच राहून गेली. मालिकेत आपली बोली येतच नाही असं नाही. येते की! गडी आला, ड्रायव्हर आला, दारुडा आला, बावळट पाहुणा आला की लगेच "कामून ओ?" सुरू. लोक हसतात. पण त्याच मालिकेत लातूरचा कलेक्टर आला की तो सदाशिव पेठेत जन्मल्यासारखा बोलतो. आमच्याकडे काय कलेक्टर होत नाहीत? डॉक्टर तर गल्लीगल्लीत आहेत, आणि पेशंटला "कुठं दुखायलंय?" असंच विचारतात. मला चीड ह्याची आहे. आणि ही चीड दिग्दर्शकांपर्यंत जायची असेल तर आमच्या पोरांनी ऑडिशनला जाऊन ह्याच बोलीत प्रेमाचा, दुःखाचा, अधिकाराचा प्रसंग करून दाखवला पाहिजे. आधीच घासूनपुसून गेली तर त्यांना कळणार कसं की ह्या भाषेत रडताही येतं?

आता माझा भाग. टाळणार होते, पण मग रागावण्याचा हक्क राहत नाही.

बी.ए.ला आम्हाला भाषाविज्ञानाचा पेपर होता. बोली अशुद्ध नसते, प्रमाणभाषा हीदेखील मुळात एक बोलीच, असं मी पेपरात छान लिहिलं होतं. आणि नोकरीला लागले त्या दिवसापासून 'आलाव', 'जायलाव', 'कोन हाय' ह्यांवर लाल रेघा मारत सुटले. ८०-८५ च्या सुमाराची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनात एक ऐतिहासिक नाटुकलं बसवायचं होतं. मुख्य भूमिकेसाठी मी मुलांची निवड घेतली, म्हणजे आजच्या भाषेत ऑडिशनच. एक सातवीतला पोरगा होता, सालगड्याचा. तो उभा राहिला आणि वर्ग गप्प झाला. चाल, नजर, आवाज, सगळं होतं. पण 'प्राण' न म्हणता 'परान' म्हणायचा. मी दोन दिवस त्याला घासलं. मग सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझी जीभ जाड आहे रे," आणि भूमिका एका अधिकाऱ्याच्या मुलाला दिली. ह्याला भालदार केलं. हातात भाला, तोंडात एक वाक्य नाही.

नाटुकलं चांगलं झालं. पाहुण्यांनी उच्चारांचं खास कौतुक केलं. मला नारळ मिळाला.

बारा-तेरा वर्षांपूर्वी लोह्याच्या बसस्थानकावर एक माणूस पाया पडला. केस पांढरे, मला आधी ओळखूच आलं नाही. तोच. ट्रकवर होता इतकी वर्षं, आता शेती बघतो म्हणाला. चहा पाजला. मी विचारलं, नंतर कधी नाटकबिटक केलंस का रे? तर हसला आणि म्हणाला, "नाही बाई. हौस लई होती, पर तुम्हीच म्हणल्या नव्हत्या का, माझी जीभ जाड हाय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. डॉक्टरनं सांगितलेला आजार सांगावा तसं सांगितलं. इतकी वर्षं ते वाक्य त्यानं खरं मानलं होतं.

मी बसमध्ये बसले तेव्हा तिकिटाचे सुटे पैसे घ्यायचेही विसरले.

म्हणून त्या हॉलमध्ये सर चाळीस पोरांना "टोन काढा" सांगत होते तेव्हा मला ते सर दिसतच नव्हते. मी दिसत होते, लाल पेन घेतलेली. फरक एवढाच की मी पैसे घेतले नव्हते.

पैशांवरून आठवलं. वाचणाऱ्यांत पोरांचे आईबाप बरेच आहेत, म्हणून हे ठणकावून सांगते. खऱ्या ऑडिशनला पैसे लागत नाहीत. नोंदणी फी, कार्ड फी, 'फायनल राउंड'ची अनामत, असलं काहीही मागितलं की उठून चालू लागायचं. आमच्या नातीला कार्यशाळेनंतर फोन आला, पंचवीस हजारांत फोटो काढून घ्या, मुंबईत थेट ओळख करून देतो. तिचे बाबा पाकीट काढायच्या बेतात होते! सुरुवातीला घराच्या गच्चीवर सकाळच्या उन्हात काढलेले साधे फोटो पुरतात, मेकअप न थापता, चेहरा आहे तसा. आणि पोरगी ऑडिशनला जाणार असेल तर बरोबर कुणीतरी मोठं माणूस जाईल. हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर जाणार नाही. विषय संपला.

तयारीच करायची तर तिला आठ हजारांशिवाय करता येते. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचन. उताऱ्यापुरतं घोकायचं नाही, अख्खं नाटक वाचायचं, म्हणजे ही बाई ह्या वाक्याआधी काय करून आली ते कळतं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, तिची प्राथमिक फेरी नांदेडला होते. तिथे जाऊन नुसतं बसावं. चांगली नाटकंही बघावीत, पडलेलीही बघावीत. पडलेल्यांतून जास्त कळतं. हाताशी स्वारातीम विद्यापीठाचं ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, औरंगाबादला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीचे वामन केंद्रे शिकत शिकत दिल्लीच्या नाट्य विद्यालयापर्यंत गेले आणि २०१३ ते २०१८ तिथले संचालक झाले. त्या विद्यालयाच्या प्रवेशाला आधी सहा नाटकांत काम केलेलं असावं अशी अट असते. सहा नाटकं, सात दिवस नव्हे!

आणि माळेगावच्या यात्रेला जावं. खंडोबाला हात जोडून झाले की घोडेबाजारात उभं राहावं. रुमालाखाली बोटं धरून सौदा करणाऱ्या दोन माणसांचे चेहरे बघावेत. एक शब्द बोलत नाहीत आणि सगळं चाललेलं असतं. ते बघून आलेली पोरगी कॅमेऱ्यासमोर मान उजवीकडे फिरवायची थांबेल असं मला वाटतं.

हे सगळं मी परवा तिला सांगितलं. बंदी मोडून, आपल्या भाषेत. वाटलं, चिडेल. ती बराच वेळ मोबाईल चाळत बसली. मग म्हणाली, "आज्जी, त्या ट्रकवाल्या मामाचं तू मला कधी सांगितलं नव्हतंस." मी म्हटलं, कुणालाच सांगितलं नव्हतं. ती उठून आत गेली.

काल संध्याकाळी आली आणि सांगितलं की ऑडिशनची चित्रफीत घरूनच करून पाठवायची आहे, सोमवारपर्यंत. त्यांनी दिलेला प्रसंग पुस्तकी मराठीतला आहे, तो तसाच करणार. पण शेवटी 'तुमच्या आवडीचं काहीही एक मिनिट' असं आहे. त्यात काय करणार, ते सांगत नाही. मला फक्त विचारलं, "तू पन्नास वर्षांपूर्वी पदर कसा खोचायचीस, दाखव."

निवड होईल की नाही, देव जाणे. तिची उंची पाच फूट सहा इंच आहे आणि नायक कोण आहे ते माहीत नाही!

नातेवाईकांना विनंती, रविवारी दुपारी चार ते सहा मला फोन करू नये. तिच्या मोबाईलचा कॅमेरा फुटलाय, शूटिंग माझ्याच मोबाईलवर आहे. मागच्या खोलीची भिंत मोकळी म्हणून तीच ठरलीय, आणि पंखा बंद ठेवायचाय कारण आवाज येतो. भाच्या, तू तर अजिबात करू नकोस.